तळटीप : छावणीतले पक्षी-नमुने

* सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये केलेल्या हैदराबाद संस्थानच्या पक्षी-पाहणीसारख्या मोहिमांत टिपलेला पक्षी शक्यतो त्याच दिवशी सोलावा लागे. उन्हात पोटाकडची कातडी लवकर सडते आणि पिसे गळू लागतात. पक्षी हाती येताच घशात व छऱ्यांच्या जखमांत कापूस कोंबत, म्हणजे पिसे रक्ताने माखत नसत. डोळे, चोच, पाय यांचे रंग तेव्हाच टिपणे सर्वांत मोलाचे, कारण ते पुढे उडून जातात. नर-मादी पोट उघडून ठरवत. कातडीला आतून सोमलयुक्त साबण चोळून कापूस भरत. ठिकाण-तारखेची चिठ्ठी पायाला नसेल, तर नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. सोमलाचे विष जुन्या नमुन्यांत अजून टिकून असते. असे नमुने हाताळताना वाचकांनी हातमोजे जरूर घालावेत. — संपादक