प्रतिकार की संमती? देसाईगंज प्रकरण आणि बलात्काराचा कायदा

मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. भयापोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे सांगत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. मात्र मुलीच्या अंगावर जखमा वा प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर भर देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिले.

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढील वर्षी देशभरातील महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. या रेट्यातूनच १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. कोठडीतील शरीरसंबंध सिद्ध झाल्यास आणि स्त्रीने संमती नाकारल्याचे सांगितल्यास न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीचाच होता. कायद्याने सोडून दिलेला ‘ती ओरडली का नाही?’ हा प्रश्न घराघरांत मात्र आजही विचारला जातो; अनेक तक्रारी ठाण्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण आहे.