हार्मोनच्या रिपोर्टमागचा इतिहास

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला राहणाऱ्या आपल्या एका श्रोतीने विचारलंय, "दादा, माझं एएमएच कमी आलंय. घरात म्हणतात, आता आयव्हीएफला पैसे घालून उपयोग नाही. खरंय का?" ताई, मी डॉक्टर नाही, मी इतिहास सांगतो. पण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या इतिहासातच आहे.

सुरुवात करू इटलीपासून. पाळी कायमची थांबली की बीजकोश शांत होतात, पण मेंदूखालची पियुषिका ग्रंथी त्यांना हाका मारतच राहते. म्हणून अशा बाईच्या लघवीत बीजकोश चेतवणारी हार्मोन्स भरपूर असतात. पिएरो दोनिनी या इटालियन शास्त्रज्ञाने ती वेगळी काढली. औषधासाठी लघवी गोळा झाली ती मठांतल्या वयस्कर नन्सकडून, बरं का! आणि १९६२ साली इस्रायलमध्ये ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारातून या औषधाने पहिलं बाळ जन्मलं.

मग साहजिकच वाटलं, हार्मोन जास्त दिलं की बीजं जास्त, आणि बीजं जास्त म्हणजे यश जास्त. इंग्लंडमध्ये स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी तेच केलं. बीजं मिळत होती, भ्रूण तयार होत होते, पण गर्भ टिकेना. इंजेक्शनांमुळे पाळीच्या उत्तरार्धातलं हार्मोनचं गणित बिघडतंय, असा त्यांना संशय आला. शेवटी त्यांनी इंजेक्शनं बाजूला ठेवली. लघवीतलं एलएच दर काही तासांनी मोजायचं, ते उसळलं की वेळ साधून नैसर्गिकरीत्या पिकलेलं एकच बीज काढायचं. त्या एका बीजातून २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राऊन जन्मली.

याच अडचणीवर कोलकात्यातले एक डॉक्टर वेगळा विचार करत होते. डॉ. सुभाष मुखोपाध्याय. एडिंबरोहून हार्मोनशास्त्रात पीएचडी करून आलेले. त्यांनी इंजेक्शनं सोडली नाहीत. त्यांचा हिशोब साधा होता : इंजेक्शनांनी बीजं मिळतात, पण त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर भ्रूणाला जुळेलच असं नाही. मग घाई कशाला? भ्रूण गोठवून ठेवा आणि पुढच्या एखाद्या नैसर्गिक पाळीत आत सोडा. ३ ऑक्टोबर १९७८ ला, म्हणजे लुईसनंतर सत्तर दिवसांनी, 'दुर्गा' जन्मली.

पण ऐकणार कोण? राज्य सरकारने समिती नेमली, समितीने दावा फेटाळला. जपानला परिषदेला जायची परवानगी मिळाली नाही. १९८१ मध्ये तर त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. हार्मोन मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची! १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

आता आपल्या मुंबईत येऊ. ताई, तुम्ही भाईंदरहून लोकल पकडून प्रभादेवीला, म्हणजे तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडला उतरलात आणि पूल ओलांडून परळला गेलात की केईएम रुग्णालय जवळच आहे. तिथे ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षाचा जन्म झाला. केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. महापालिकेच्या रुग्णालयात हे घडलं, आणि हर्षा भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजली.

गोष्ट इथे संपली असती. पण पुढे मुखोपाध्यायांचे कागद आनंद कुमारांच्या हाती आले. ते वाचून १९९७ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा. म्हणजे स्वतःच्या चमूचा 'पहिला' हा शिक्का त्यांनी स्वतःच पुसला. असा मोठेपणा विज्ञानात रोज दिसत नाही.

आणि आज? बीज काढायच्या आधीच प्रोजेस्टेरॉन वाढलं तर अस्तर भ्रूणाच्या पुढे धावतं. बीजकोश फार चेतले तर बाईच्या जिवाला धोका होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर सगळे भ्रूण गोठवतात आणि पुढच्या एखाद्या पाळीत सोडतात. सगळ्यांनाच त्याची गरज नसते, पण विचार तोच, ज्यावर १९७८ साली विश्वास ठेवला गेला नाही.

तर ताई, तुमच्या एएमएचबद्दल. इंजेक्शनांना बीजकोश किती साथ देतील, साधारण किती बीजं मिळतील, याचा अंदाज तो आकडा देतो. कमी असेल तर बीजं कमी मिळण्याची शक्यता आहे, हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण बीज चांगलं की वाईट, हे तो सांगत नाही. त्यात तुमचं वय जास्त बोलतं. लुईसच्या वेळी बीज एकच होतं. म्हणून एकच बीज सगळ्यांना पुरतं असं नाही, पण नुसत्या एका आकड्यावरून दारही बंद होत नाही. घरच्यांचं ऐकण्याआधी डॉक्टरांना विचारा : माझ्या वयाला, माझ्या सगळ्या तपासण्या एकत्र पाहून, किती आशा आहे? आणि हो, नवऱ्याची तपासणी झाली का, हेही विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.