‘डॉक्टर, वेळच मिळत नाही!’ : औंधचे महाराज, लंडनचा कंडक्टर आणि आपण

“डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेतो, गोड बंद केलंय, पण व्यायामाला वेळच मिळत नाही.”

अंबडच्या एमआयडीसीत पाळीत काम करणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ परवा हे सांगत होते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा ८.४ आला होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, “मोबाईलला बरा वेळ मिळतो यांना!” आम्ही तिघेही हसलो. पण त्यांची अडचण खोटी नव्हती. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, वर येण्याजाण्याचा तास. अशा माणसाला ‘रोज सकाळी तासभर फिरा’ असे सांगणे सोपे, पण त्याने ते पाळणे अवघड.

म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, ही कल्पना आपल्याकडे कुठून आली आणि ती कितपत खरी आहे, हे त्यातून कळेल.

आपल्या नाशिकचा वारसा

व्यायामाच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. समर्थ रामदासांनी टाकळीला बारा वर्षे साधना केली आणि ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, अशी परंपरा सांगते. मल्लखांबाला नवे जीवन देणारे, दुसऱ्या बाजीरावांच्या काळातले बाळंभटदादा देवधर हे निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. आज जगभर जो मल्लखांब खेळला जातो, त्याची एक मुळी आपल्या गोदाकाठी आहे.

पण ही सगळी साधना होती. पहिलवान, शिष्य, साधक यांचा दिवसच तिच्याभोवती आखलेला असे. शेतकरी, विणकर, दळण दळणारी बाई यांना वेगळ्या व्यायामाची गरजच नव्हती. पहाटे जात्यावर दळण, मग पाणी शेंदणे, मग शेतात वाकून काम. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. त्या कष्टांनी कित्येक बायकांची शरीरे अकाली झिजली. एवढेच लक्षात घ्या, की हालचाल ही कामातच होती. पुढे गिरणी, नळ, दुचाकी आणि खुर्ची आली. कष्ट गेले ते चांगलेच झाले, पण त्यांच्याबरोबर हालचालही गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्राचाही समावेश होता. त्यात निम्म्याहून अधिक प्रौढ लोक पुरेशी हालचाल करत नाहीत असे आढळले.

राज्यकारभार सांभाळून नमस्कार

कामाच्या रगाड्यात असलेल्या माणसाने काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे ज्यांनी मनापासून घेतला त्यांत एक नाव ठळक आहे. ते म्हणजे साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). १९०९मध्ये ते गादीवर आले. राज्य लहान, पण व्याप मोठे. ते स्वतः चित्रकार आणि कीर्तनकारही होते.

तरुणपणी त्यांनी त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू सँडो याची साधने मागवली होती आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग शेवटपर्यंत त्याचेच झाले. कारणे अगदी व्यवहारी होती. साधन लागत नाही, जोडीदार लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते. घरातल्या घरात बायकामुलांनाही करता येतो. राणीसाहेबही नमस्कार घालत. भवानरावांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, १९२८मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९३८मध्ये लंडनमध्येही त्यांचे पुस्तक निघाले.

एक डॉक्टर म्हणून सांगतो, त्यांचे आरोग्याविषयीचे काही दावे आजच्या कसोटीवर टिकणार नाहीत. कोणताही एक व्यायाम सगळे रोग दूर ठेवत नाही. पण त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती : जो व्यायाम घरात आणि दिनक्रमात बसतो, तोच टिकतो.

बसचा जिना

याला शास्त्राचा आधार मिळाला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह तिथल्या हजारो वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे फाडत रोज पाचशेच्या वर पायऱ्या चढत असे. दोघांचे खाते एक, बस एक, पण कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता आणि झालाच तरी तो कमी जीवघेणा ठरत होता.

मॉरिस तिथेच थांबले नाहीत. १९५६मध्ये त्यांनी गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त असल्याचे दिसले. म्हणजे सगळा फरक जिन्यामुळेच पडला असे म्हणता येत नव्हते. पण नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला : हालचाल हृदयाला जपते. यातली खरी गंमत अशी, की त्या कंडक्टरांपैकी कोणी ‘व्यायाम’ म्हणून जिना चढत नव्हता.

हे वाचताना मला माझाच दवाखाना आठवतो. तिथे मी ड्रायव्हर, आणि केसपेपर, इंजेक्शन, ड्रेसिंगसाठी दिवसभर ये-जा करणाऱ्या आमच्या सिस्टर कंडक्टर! पंचेचाळिशीत माझीच साखर काठावर आली तेव्हा हे डोक्यात शिरले. लोकांना ‘चाला’ म्हणणारा मी दिवसाचे दहा तास खुर्चीत होतो.

आकड्यांची भीती नको

‘रोज दहा हजार पावले’ हा आकडाही बऱ्याच जणांना घाबरवतो. तो वैद्यकीय संशोधनातून ठरलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मोजमाप’ असा होता. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सुचवते. पूर्वी ‘एका वेळी निदान दहा मिनिटे’ अशी अट होती. २०२०च्या शिफारशींत ती काढून टाकली. म्हणजे तुमचे दोन-तीन मिनिटांचे जिने चढणेही आता हिशेबात धरले जाते.

मग करायचे काय?

त्या गृहस्थांना मी चारच गोष्टी लिहून दिल्या :

१. जेवल्यावर लगेच बसायचे किंवा आडवे व्हायचे नाही, दहा मिनिटे चालायचे. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पाळी कोणतीही असो, जेवण असतेच!
२. कंपनीची बस पकडायला एक थांबा पुढे चालत जायचे.
३. एक-दोन मजल्यांसाठी लिफ्ट नाही. फोन आला की उभे राहून बोलायचे.
४. अंघोळीआधी सावकाश सहा सूर्यनमस्कार, जमेल तसे बारापर्यंत. पाचेक मिनिटांचे काम.

रोजच्या ठरलेल्या एखाद्या गोष्टीला हालचाल जोडून दिली, की ती लक्षात ठेवावी लागत नाही.

काही सूचना मात्र पाळा. चालताना छातीत दाब वाटणे, धाप लागणे, चक्कर येणे असे झाले तर थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रक्तदाब आटोक्यात नसेल, गुडघे, कंबर किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर सूर्यनमस्कार विचारूनच सुरू करा. आणि या सवयी औषधांच्या जोडीला आहेत, औषधांऐवजी नाहीत. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

ते गृहस्थ तीन महिन्यांनी पुन्हा येतील. आकडा किती उतरेल हे मी आज सांगू शकत नाही. पण निघताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “जेवल्यावर मीच यांना घेऊन निघते.” वेळेचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला.

आज तुमच्या दिवसात जिना कुठे आहे, तेवढा शोधा.