ठाण्याच्या त्या स्त्रीचे वस्त्र

ऐरोलीच्या उत्तरेस, याच खाडीच्या काठी, एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचे रक्त सांडले: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस. ही नावे आपण आदराने घेतो. मात्र त्या प्रसंगात एक स्त्रीही आहे आणि तिचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. प्रवासी ओडोरिक सांगतो की, ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती व त्यांपैकी एका घरी हे चौघे उतरले होते. रात्री यजमानाने पत्नीस मारहाण केली. सकाळी ती काजीकडे दाद मागावयास गेली. पुरावा काय, असे विचारताच तिने पाहुण्या धर्मगुरूंची साक्ष सांगितली. त्यांना बोलावणे गेले आणि पुढचे सारे घडले.

हा प्रसंग रंगभूमीवर आणू इच्छिणाऱ्या आमच्या हौशी तरुणांनी विचारले, ‘फादर, हिला नेसवायचे काय?’ प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. भडक वस्त्रांत ती उभी राहिली, तर प्रेक्षक तिलाच दोषी धरतील. मार खाल्लेली बाई न्याय मागावयास गेली, एवढाच तिचा अपराध!

तेव्हा आधी काय टाळावे, ते सांगतो. गोव्याचा पानो-बाजू नको. तो पोर्तुगीज काळातला. जपमाळही नको, ती लॅटिन परंपरेची. नऊवारीचा मोह आवरावा. अंबरनाथच्या १०६० च्या शिवमंदिरातील शिल्पांवरूनही बेतू नये. देवळावरील सुरसुंदरी म्हणजे बाजारात निघालेली गृहिणी नव्हे.

पश्चिम भारतातील जैन पोथ्यांची चौदाव्या-पंधराव्या शतकांतील चित्रे आम्हांस अधिक भरवशाची वाटतात. त्यांत कमरेचे नक्षीदार नेसण, आखूड चोळी आणि ओढणी अशी तीन वस्त्रे स्पष्ट दिसतात. कापडाचा नमुनाही उपलब्ध आहे. कैरोजवळील जुन्या फुस्तात शहराच्या अवशेषांत गुजरातेत छापलेले सुती कापड सापडले. त्याचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. निळीचा निळा आणि तांबडा हे त्यांतले मुख्य रंग. खुद्द ठाण्याहून सुती माल बाहेर जात असे, हे मार्को पोलोने नोंदविले आहे. इराणी व्यापाऱ्यांशी संबंध असलेल्या घरात तिने लांब अंगरखाही घातला असेल. परंतु नवशिक्यांनी या मातीतला वेष आधी साधावा.

खादी घ्यावी. नेसणास साडेचार मीटर, ओढणीस अडीच मीटर पुरे. ठशांची छपाई नेसणावर असावी, ओढणी साधी. चोळी हातानेच शिवावी. हूक-बटणांऐवजी गाठ किंवा बंद. सेफ्टीपिन १८४९ ची आणि रासायनिक जांभळा रंग १८५६ चा, हे कपडेपट सांभाळणाऱ्या भगिनींनी कृपया ध्यानी ठेवावे! जर नको, नायलॉन तर नकोच. कापड दोन-चारदा धुऊन मऊ करावे, म्हणजे अंगावर बसते.

ओढणी डोक्यावरून घेऊन एका हाताने हनुवटीखाली धरावी. काजीसमोर बोलताना तिने तो हात सोडला, तर ओढणी आपोआप खांद्यावर घसरेल; ती तशीच घसरू द्यावी, पिन लावू नये.