रूळ आणि माणूस

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोंचली. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत गेले. तेव्हां गाडी हें एक नवल होतें. आज डोंबिवली-दिव्याचा गृहस्थ सकाळीं गाडी धरतो, तो संध्याकाळीं परतेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीस लागलेला असतो.

१९९७ सालीं स्वीडनच्या संसदेनें असें धोरण ठरविलें, कीं रस्त्यावर एकही माणूस मरूं नये वा जायबंदी होऊं नये. माणूस चुकणारच, म्हणून चुकीची शिक्षा मरण होणार नाहीं, अशी व्यवस्थाच बांधावी. आमच्या प्रवासी संघटना वर्षानुवर्षें अधिक गाड्या व वेगळे मार्ग मागत आल्या, त्या मागणीचें मर्महि हेंच. ठाणे ते दिवा पांचवा व सहावा मार्ग २०२२ सालीं खुला झाला. तरीहि ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व कांहीं प्राणांस मुकले. त्यानंतर नव्या लोकलगाड्यांस आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वेनें जाहीर केलें.

पण दार मिटावयाचें तर आंत उभें राहावयास जागा हवी. यास्तव गाड्यांची मागणी संघटनांबरोबर आपणहि लावून धरावी, एवढेंच या जुन्या शिक्षकाचें सांगणें आहे.