कोकणातील उन्हाळी : स्थलनामे, देवालये व इतिहास

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्वालामुखीजन्य कृष्णपाषाणाचा आहे. त्यावरून येथील उष्णोदकाचे झरे भूगर्भातील जिवंत ज्वालामुखीचे अवशेष असावेत, असा समज सहज होतो. परंतु तो ग्राह्य नाही. हा लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याची उष्णता केव्हाच निमाली आहे. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते, दर किलोमीटरला साधारणतः २५ ते ३० अंशांनी वाढणाऱ्या भूउष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. म्हणूनच हे झरे विखुरलेले नसून सह्याद्रीच्या पश्चिमेस, तानसाकाठच्या वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरीपासून महाडजवळील सव, उन्हवरे, आरवली, तुरळ व राजवाडी यांवरून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत, एका दक्षिणोत्तर पट्ट्यात आढळतात.

या झऱ्यांचा शोध घेणाऱ्यास स्थलनामे उत्तम वाटाड्याचे काम करतात. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ आणि मराठी ‘ऊन्ह’ ही परंपरा उन्हवरे व उन्हाळे या नावांत स्पष्ट दिसते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडे तालुक्यातील उनपदेवही त्याच कुळातले असावे. मात्र या पुराव्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ‘ऊन्ह’ हा शब्द मराठीत आजही जिवंत असल्याने नावावरून झऱ्याची लोकांना असलेली ओळख सिद्ध होते; त्या ओळखीचा काळ सिद्ध होत नाही.

देवालयांचीही तीच गोष्ट. वज्रेश्वरीचे विद्यमान मंदिर चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत केलेल्या नवसाची फेड म्हणून उभे राहिले, अशी परंपरा आहे. वसई १७३९ साली मराठ्यांच्या हाती आली. पण मंदिराचा काळ म्हणजे तीर्थाचा काळ नव्हे. पेशव्यांच्या आश्रयाने क्षेत्राचे वैभव वाढले असेल. झरे मात्र त्यापूर्वीही वाहतच होते.

तात्पर्य, नाव स्थळ दाखविते, वास्तू आश्रयदात्याचा काळ दाखविते आणि भूशास्त्र कारण दाखविते. या तीन साधनांपैकी एकाकडून दुसऱ्याचे उत्तर मागितले, की स्थलपुराणास इतिहासाचे आणि तर्कास शास्त्राचे रूप येते. आज कित्येक कुंडे नव्या बांधकामाखाली मूळ स्वरूप गमावीत आहेत. त्यांची नावे, दंतकथा व उष्णतामान यांची गावोगाव, परंतु वेगवेगळ्या रकान्यांत, नोंद करणे हे प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाचे निकडीचे कार्य होय.