उचलीच्या पैशावरचा बाजार

बीड जिल्ह्यात माल खपवायचा तर गिऱ्हाइकाच्या हाती पैसा कधी येतो, हे आधी ठाऊक हवं. एके काळी कोणता पैसा येतो, हेही पाहावं लागे. बीडसह निजामाच्या मुलखात हाली सिक्का चाले, पलीकडे इंग्रजी अंमलातल्या नगर जिल्ह्यात कलदार. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. शिवाय हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. निजाम आणि इंग्रजांमधल्या १८०२ च्या करारानं ती पाच टक्के ठरली होती. नगरकडून आष्टी-पाटोद्यात आलेलं कापड गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो असं महाग होई. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, तरी हाली सिक्का १९५९ पर्यंत चालला.

वाहतुकीची अडचण त्याहून चिवट. परळीला निजामाच्या काळातच रेल्वे आली. बीड शहरानं मात्र पहिली प्रवासी गाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ ला.

गावोगावचा माणूस भेटे तो आठवडी बाजारात. नेकनूर, हिरापूरच्या बाजारात जनावर विकलं की त्याच पैशातून घरचा बाजार होई. एरवी गावातल्या दुकानाची उधारी, सुगीला फिटणारी.

१९७२ च्या दुष्काळानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या वाढल्या आणि हे वेळापत्रकच बदललं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. जुनी देणी, लग्नाचा खर्च, दवाखाना, बैलजोडी हे सगळं तिच्यातूनच. दसऱ्याच्या सुमारास बाजारपेठा गजबजतात, सहा महिन्यांचं सामान भरलं जातं. ही गर्दी पाहून लोकांकडे पैसा आला असं मानणारा विक्रेता चुकतो, कारण उचल ही कमाई नाही. ते ऊस तोडून फेडायचं कर्ज आहे.

पुढे दिवाळी येते तेव्हा यातले अनेक जण उसाच्या फडात असतात. शहरी कंपन्यांचा जाहिरातींचा सर्वांत मोठा सण त्यांच्या दारावरून निघून जातो, कारण दाराला कुलूप असतं. गिऱ्हाईक तेव्हा कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे झोपडीत राहतं. मुकादम आठवड्याची खर्ची देतो. रोजचा सुटा पैसा येतो तो वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून, आणि तेल, चहापत्ती, साबण त्यातूनच घ्यायचं. दहा-वीस रुपयांच्या वर बेतच जात नाही. शाम्पूच्या छोट्या पुड्यांची कल्पना तमिळनाडूत रुजली. इथं ती चालते, कारण मोठी बाटली घेण्याइतकी रक्कम एका वेळी हातातच नसते.

हंगाम संपल्यावर टोळ्या परततात, लग्नसराई लागते. भांडी, कापड, गादी यांची विक्री पुन्हा वाढते, बऱ्याचदा पुढच्या हंगामाच्या उचलीच्या भरवशावर.